म्हातारचळ

परक्या माणसांच्या तोंडाची ताईला कधी किळस वाटली नाही. कवळ्या बनवायचं काम तिने ऐन विशीत धरलं होतं आणि पन्नाशी दारात आली तरी तेच चाललं होतं. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत तिचं टेबल होतं. दुरुस्तीच्या जुन्या कवळ्या कुणी कागदात गुंडाळून आणत, कुणी डबीत; एक आजोबा तर मोज्यात घालून घेऊन आले होते. त्यांच्यावर पिवळं कीट चढलेलं असायचं, फटींत परवाचं जेवण अडकलेलं असायचं, आणि शिळ्या लाळेचा वास तर पहिल्या नळाच्या पाण्याने जायचाच नाही. ताई त्या घासून लख्ख करायची, हात धुवायची आणि त्याच टेबलावर डबा उघडून जेवायची. दवाखान्याची डॉक्टरीण म्हणायची, "तुला नाक आहे ते नुसतं चष्मा ठेवायला."

त्याच ताईला एका रविवारी स्वतःच्या घरात, एक संत्रं सोललं जाताना बघून पोटात ढवळून आलं.

सोलत होते तिचे बाबा. वय त्र्याहत्तर. साल काढून झाल्यावर त्यांनी एकेक फोड हातात घेतली, तिच्यावरचे पांढरे दोरे नखाने ओढून काढले, फोड चिरून बी काढली आणि शेजारी बसलेल्या बाईंपुढे धरली. बाईंनी हात पुढे केला तर बाबा म्हणाले, "राहू दे, चिकट होतील हात," आणि फोड सरळ त्यांच्या तोंडात दिली. रस ओघळला तो आपल्या रुमालाने टिपला. मग तोच रुमाल घडी घालून खिशात ठेवला.

टेबलाभोवती ताई होती, तिचा नवरा होता, धाकटा भाऊ होता. तिघांच्याही जबड्यांचं चावणं थांबलं.

"तर सांगायचं म्हणजे," बाबा घसा खाकरून म्हणाले, "आम्ही लग्न करतोय."

"कुणाचं?" धाकट्याने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"आमचं."

ताईच्या तोंडून "शी!" निघून गेलं. अगदी उंबरठ्यावर काहीतरी मेलेलं पडलेलं दिसावं तसं. बाईंनी ते ऐकलं. तोंडातली फोड त्यांनी कशीबशी गिळली आणि हात धुवायला जागा कुठे आहे म्हणून विचारलं.

या बाई कोण, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. नाव कुणी घेत नसे, 'टेलिफोनवाली' एवढंच. बाबा तरुणपणी टेलिफोन खात्यात तारा जोडायच्या कामावर होते आणि ही बाई तिथेच ऑपरेटर होती. दोघांचं जमलं होतं. पण ताईचे आजोबा म्हणजे जमदग्नी. रात्रपाळी करणारी सून आणली तर या घरात एक तर ती राहील नाहीतर मी, असं त्यांनी बजावलं. बाबांनी मान खाली घातली आणि वडिलांनी दाखवली त्या मुलीशी लग्न केलं. ती मुलगी म्हणजे ताईची आई. टेलिफोनवालीने लग्नच केलं नाही.

आईला हे पहिल्या वर्षीच कळलं होतं. तेव्हा बाहेरगावी फोन लावायचा तर आधी ऑपरेटरला नंबर सांगावा लागे. आई आपल्या माहेरी फोन लावून आली की कधीकधी म्हणायची, "आज तुमची ती होती हो लाइनवर. आवाज गोड आहे बाकी." बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर काढत नसत. लहानपणी ताईला यात मोठी गंमत वाटायची. आईसुद्धा हसायची. ते हसणं कसलं होतं हे कळायला ताईला स्वतःचा संसार करावा लागला.

पण या जुन्या प्रेमाचं ताईला काही वाटलं नसतं. माणसं वीस-बावीसची असताना प्रेमात पडायचीच. तिच्या पोटात ढवळलं ते वेगळ्याच कारणाने.

आई शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळली होती. आधी पाय गेले, मग कमरेखालचं सगळंच. पाठीला जखमा झाल्या. त्या चिघळल्या. कितीही धुतल्या, कितीही औषध भरलं तरी त्या खोलीत एक गोडसर, कुजका वास भरून राहिला होता. ताई दवाखान्यातून सुटली की आधी तिथे जायची, चादरी बदलायची, जखमा धुवायची, मग स्वतःच्या घरी. आणि बाबा बाहेरच्या खोलीत टीव्ही मोठ्याने लावून बसलेले असायचे. दिवसातून एकदा ते दारात येत. आत पाऊल टाकत नसत. नाकाला रुमाल लावून म्हणत, "काय, बरं आहे ना?" आई म्हणायची, "बरं आहे." की झालं, बाबा परत टीव्हीसमोर.

त्यांची दारात यायची वेळ झाली की आई ताईला हळूच सांगायची, "ते यायच्या आधी जरा पावडर टाक गं."

मरणाच्या आदल्या आठवड्यातही तिने हेच सांगितलं होतं.

आणि आता तोच माणूस संत्र्याचे दोरे काढत होता. म्हणजे येत होतं सगळं. बोटांत माया होती, नजरेत काळजी होती, रुमालसुद्धा होता. फक्त तो नाकाला लावायचा की दुसऱ्याचं तोंड पुसायला काढायचा, एवढाच काय तो फरक.

पाहुणी गेल्यावर धाकटा स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "म्हातारचळ लागलाय, दुसरं काय. लोक शेण घालतील तोंडात."

"लोकांचं जाऊ दे," ताई भांडी आपटत म्हणाली. "मला त्यांचा हातसुद्धा लावून घ्यावासा वाटत नाही."

तिचा नवरा भांडी पुसत होता. "तुमच्या आईंना जाऊन दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "म्हातारा एकटा जेवतो. लागू दे की चळ. कुणाचं काय जातंय?"

ताईने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तो पेला तिसऱ्यांदा पुसायला घेतला.

पंधरवडा गेला. मग एके दिवशी डॉक्टरणीने तिच्या टेबलावर जबड्याच्या ठशाचं एक माप आणून ठेवलं. "तुझ्या वडिलांचं. नवी कवळी हवीय. जुनी बोलताना टकटक वाजते म्हणे. लग्नाच्या दिवशी हसता आलं पाहिजे असं म्हणत होते, इश्श!" डॉक्टरीण स्वतःच लाजून हसली. "म्हटलं, घरचीच कारागीर आहे, काळजी नको."

ताईने त्या मापात प्लास्टर ओतलं. घट्ट झाल्यावर साचा बाहेर काढला. बापाचा जबडा तिने असा कधी हातात घेतला नव्हता. झिजलेली हिरडी, मध्ये एक खड्डा, टाळूवरच्या रेघा. हजारो जबडे तिच्या हातांखालून गेले होते, पण हा हातात धरवेना. हेच तोंड रोज दारातून विचारायचं, काय, बरं आहे ना? तिला वाटलं, हा साचा फरशीवर आपटून फोडावा आणि केरात टाकावा.

तिने फोडला नाही. काम काम असतं. मेण लावलं, दात निवडून बसवले, मेण वितळवून त्या जागी हिरडीच्या रंगाचा गुलाबी मसाला भरला, शिजवला, घासला. चांगली झाली कवळी. दात पाहणाऱ्याला खरे वाटावेत इतके बेताने वाकडे.

शेवटी तिने आतल्या बाजूने, जिथे हिरडी टेकते तिथून, सवयीने बोट फिरवलं. एका जागी इवलासा उंचवटा लागला. साच्यात हवेचा बुडबुडा राहिला की असा कण उरतो. डोळ्यांना दिसत नाही, बोटालाच कळतो. यंत्राची एक फिरक दिली की जातो. नाही घालवला तर हिरडीत रुततो, आधी लाल होतं, मग फोड, मग जखम.

ताईने त्यावरून पुन्हा बोट फिरवलं. यंत्र हाताशीच होतं. तिने कवळी पाण्याच्या डबीत टाकली आणि झाकण लावलं.

बाबा कवळी बसवून घ्यायला आले तेव्हा ती मागच्या खोलीतून बाहेर आलीच नाही. आवाज मात्र ऐकू येत होते. "कुठे टोचतंय का?" डॉक्टरणीने विचारलं. "छे, छे," बाबा म्हणाले. "एकदम फर्स्टक्लास. अहो, लेकीने केलीय."

त्यानंतर महिनाभर त्यांचा फोन नाही, तक्रार नाही. ताईला वाटलं, बसली असेल कवळी. कधी वाटायचं, टोचत असेल तर टोचू दे. आईच्या पाठीला किती टोचलं. असा विचार आला की तिला क्षणभर गार वाटायचं, आणि मग तोंडात अशी कडू चव यायची की डब्यातली भाजी खाववायची नाही. जन्मात पहिल्यांदा ती डबा अर्धा टाकून उठू लागली.

एके दुपारी टेलिफोनवाली दवाखान्यात आली. सरळ मागच्या खोलीत. हातातली डबी तिने टेबलावर ठेवली आणि उघडली. आत कवळी होती, स्वच्छ धुतलेली.

"त्यांच्या तोंडात फोड आलेत," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खरंच गोड होता; सत्तरीतही. "एक फुटलाय, त्यातून पू येतोय. महिनाभर पाव चहात बुडवून गिळताहेत. मी म्हटलं दाखवा ताईला, तर म्हणे तिने मन लावून केलीय, तिला वाईट वाटेल, बसेल हळूहळू. आज दुपारी माझ्याकडे झोपले तेव्हा मी उचलून आणली."

"तुम्ही धुतलीत?" ताईच्या तोंडून भलताच प्रश्न निघाला.

"मग काय तशीच आणू? घाण होती, रक्त लागलं होतं."

ताईने बोट फिरवलं. उंचवटा होता तिथेच होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून ती म्हणाली, "घासून देते." आणि मग तिला राहवेना. "बाई, एक विचारू? तुम्हाला माहीत आहे का माझी आई कशी गेली? हे तुमचे... हे दारातून आत यायचे नाहीत. नाकाला रुमाल लावायचे. आणि तुम्हाला संत्री सोलून भरवतात. मला तुमची नाही, त्यांची किळस येते. ऐकताय? मला माझ्या बापाची किळस येते."

बाई स्टूल ओढून बसल्या.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "त्यांनीच सांगितलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा भेटले तेव्हाच. मी उठून निघून आले होते. दोन महिने दार उघडलं नाही. म्हटलं, बायकोला असं टाकणारा माणूस मला काय करायचाय?"

"मग?"

बाईंनी उत्तराऐवजी झंपराची कड जराशी वर केली. पोटावर डाव्या बाजूला एक पिशवी चिकटवलेली होती. "आतड्याचं ऑपरेशन झालं. आता जन्मभर हे असंच. यात काय साठतं ते तुला सांगायला नको. दिवसातून चार वेळा रिकामी करावी लागते, धुवावी लागते. माझे हात आता थरथरतात, मला नीट लावता येत नाही. बाई ठेवली होती, ती आठवड्यात पळाली. मी दारातच यांना हे दाखवलं. म्हटलं, बघा, ही मी आहे आता. आवाज गोड आहे, बाकी हे असं. जा घरी."

"गेले?"

"जिन्यात ओकले," बाई म्हणाल्या. "मग तोंड धुऊन वर आले आणि म्हणाले, शिकव. पहिल्या दिवशी पुन्हा ओकले. मी ओरडले, नाक धरायचं तर धरा पण हात थांबवू नका! अंगावर सांडलं सगळं. आता जमतं. तसं बरं जमतं."

ताईला वाटलं होतं की हे ऐकून आतलं काहीतरी सैल होईल. झालं उलटंच. कुणीतरी कानफटात मारावी तसं तिचं तोंड तापलं. म्हणजे जमत होतं! नाक धरून, ओकून, सगळं करून जमत होतं. चार पावलं आत टाकायची होती फक्त. आईने कधी ओरडून सांगितलं नाही म्हणून? ती बिचारी पावडर टाक म्हणत राहिली.

"त्यांना उद्या पाठवा," ती म्हणाली. "तोंडात बघितल्याशिवाय घासता येत नाही."

दुसऱ्या दिवशी बाबा आले. गाल बसले होते, ओठ आत गेले होते. ते खुर्चीत टेकले न टेकले तोच ताई म्हणाली, "मला माहीत होतं ती टोचणार. आत कण राहिला होता. मला बोटाला लागला होता. मी मुद्दाम तसाच ठेवला."

बाबांचे कान लाल झाले.

"मुद्दाम? अगं, मुद्दाम? बापाच्या तोंडात?" दात नसल्यामुळे शब्द फसफसत बाहेर पडत होते. "महिनाभर रक्त गिळतोय मी! आणि तिला सांगतोय, माझ्या लेकीच्या हाताला तोड नाही! तुला लाज नाही वाटली? शी!"

"वाटली की!" ताईही ओरडली. "रोज वाटली. तुम्हाला वाटली होती का कधी, आईच्या दारात उभं राहून? तिच्या पाठीत खड्डे पडले होते, बाबा. तुम्ही बघितलेत तरी? एकदा तरी? तुम्ही येणार म्हणून ती अंगाला पावडर लावून घ्यायची! मरतानासुद्धा तिला स्वतःच्या वासाची लाज वाटत होती, आणि ती लाज तुमच्या त्या रुमालाने दिली तिला!"

बाहेर डॉक्टरणीने पेशंटला काहीतरी मोठ्याने विचारायला सुरुवात केली, आतलं ऐकू जाऊ नये म्हणून.

बाबांचं उघडलेलं तोंड हळूच मिटलं.

"पावडरचं माहीत नव्हतं मला," ते म्हणाले.

"कसं असेल?"

"मी पळपुटा," बाबा म्हणाले. "माझ्या बापासमोरही पळालो, तुझ्या आईसमोरही. आवाज मोठा करून टीव्ही बघायचो, पण काय बघितलं ते एक आठवत नाही. आता या बाईचं करताना रोज वाटतं, हे हात तेव्हा कुठे होते? पण त्याचा तुझ्या आईला काय उपयोग?" त्यांनी नाक पुसलं. "काही नाही. शून्य."

ताईने ते खोडून काढलं नाही. आई वरून बघत असेल, तिने माफ केलं असेल, असलं काही ती बोलली नाही, कारण तिला तसं वाटत नव्हतं. तिने दिवा ओढून घेतला.

"आ करा."

त्यांनी आ केला. वरच्या हिरडीवर एक फुटलेला, पांढऱ्या कडांचा फोड होता, शेजारी दोन कच्चे. तोंडाला वास येत होता. ताईने बोटाने गाल बाजूला ओढला, जखम पुसली, औषध लावलं. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं, पण त्यांनी तोंड मिटलं नाही. मग तिने यंत्र सुरू केलं. एक फिरक आणि कण गेला. बोट फिरवून बघितलं, कागदाने घासलं, पुन्हा बोट फिरवलं.

"जखम भरेपर्यंत घालायची नाही," ती म्हणाली. "आठ दिवस तरी."

"आणि लग्न गुरुवारी आहे."

"मग बिनदाताचे जा. त्यांनी काय तुमचे दात बघून होकार दिलाय?"

बाबा हसले की रडले ते बिनदाताच्या तोंडावरून कळेना.

गुरुवारी ते खरंच बोळक्या तोंडाने नोंदणी कार्यालयात गेले. ताई गेली, पण मागच्या बाकावर बसली. धाकट्याने साक्षीदार म्हणून सही केली. लोक शेण घालतील म्हणणारा तोच बाहेर आल्यावर फोटो काढत सुटला होता. सहीच्या वेळी बाईंचा हात थरथरत होता म्हणून बाबांनी टेबलावरचा कागद दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. ताईने तोंड दुसरीकडे वळवलं. जेवायला थांब असं बाईंनी दोनदा म्हटलं. ती काम आहे असं सांगून निघून आली. काम काही नव्हतं. ती बाबांच्या जुन्या घरी, आईच्या बंद खोलीत जाऊन बसली, खिडकी उघडली आणि मनसोक्त रडली.

बाबा आता बाईंच्याच घरी राहत होते; तिथे जायला ताईला पुढचे तीन महिने लागले. गेली तेही दवाखान्याच्या वाटेवर, उभ्या उभ्या, म्हणून. दार नुसतं लोटलेलं होतं. आत कुणी नव्हतं, न्हाणीघरातून मात्र दोघांचे आवाज येत होते.

"अहो, हळू! चामडी सोलाल."

"मग तू हलू नकोस ना! माकडासारखी काय चुळबुळ?"

"थंड पाणी ओतलंत तर हलणारच!"

मग दोघंही हसली. वास बाहेरपर्यंत येत होता. ताई दाराशी उभी राहिली. आईच्या घरात अशा वेळी कुणी हसलं नव्हतं. तिला तसंच मागे फिरावंसं वाटलं.

"ताई आहे का?" बाबांनी आतून हाक मारली. "तुझ्या चपला वाजल्या. अगं, दोरीवरचा टॉवेल दे जरा."

ताईने टॉवेल घेतला, दार ढकललं. बाई स्टुलावर बसल्या होत्या. बाबा गुडघ्यांवर, बाह्या वर, पुढ्यात बादली. नाकाला काही लावलेलं नव्हतं. हात मनगटापर्यंत घाणीत होते आणि त्यांची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती, नाजूक तार जोडताना यायची तशी.

ताई बघत राहिली. टॉवेल तिच्या हातातच होता.

"बाबा," ती म्हणाली, "असं उघड्या हातांनी करायचं नसतं. नखांतून त्यांच्या जखमेत जाईल. आईचं करताना मी हातमोजे घालायचे."

लग्नानंतर आईचं नाव त्या घरात पहिल्यांदाच निघालं. बाबांचे हात थांबले. बाईंनी मान वर केली.

"सांग, सांग त्यांना," बाई म्हणाल्या. "माझं ऐकत नाहीत. आणखी काय करायचीस तू आईंचं?"

ताई दारातच उकिडवी बसली आणि सांगू लागली. पाणी किती कोमट, कापूस कसा पिळायचा, कातडी कोरडी कशी करायची. बाबा ऐकत होते. मधेच त्यांचे डोळे भरून आले, पण हात भरलेले होते, त्यामुळे पुसता आले नाहीत. ताईने ते पुसले नाहीत. पण पुढच्या वेळी जाताना तिने दवाखान्यातून हातमोज्यांचा आख्खा खोका नेला.